डबा निघाला, पण उतरला का? पेशीतल्या डिलिव्हरीची गोष्ट

ज्यांनी हा भाग ऐकला नाही, किंवा ऐकता ऐकता ज्यांची रेंज गेली, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे, म्हणजे" जरा कमी केलेत.

आजचा विषय असा: रोगाशी लढणारी प्रथिनं आपल्या पेशीच्या आत तयार होतात, मग ती योग्य जागी पोचतात कशी? आणि नाही पोचली तर काय होतं?

परभणीत रूम करून शिकणाऱ्या पोरांना हा विषय समजावणं सोपं आहे, कारण त्यांचं पोट याच प्रश्नावर चालतं. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालमकडच्या गावांतून सकाळच्या एसटीत डबे चढतात. कापडात बांधलेला डबा, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि मोबाईल नंबर. आई पहाटे उठून भाकरी थापते. पण भाकरी झाली म्हणजे लेकरू जेवलं असं होत नाही. डबा बरोबर गाडीत चढायला पाहिजे, गाडी बरोबर रस्त्यानं यायला पाहिजे आणि स्टँडवर कुणीतरी तो उतरवून घ्यायला पाहिजे. डबा गाडीतच राहिला आणि गाडी पुढं नांदेडला निघून गेली, तर आईच्या भाकरीत खोट काहीच नाही, तरी लेकरू उपाशीच.

या भागाचं सार एवढंच आहे. काही लेकरांच्या पांढऱ्या पेशींत शस्त्र तयार असतं, चांगलं असतं, नीट बांधून ठेवलेलंही असतं. ते फक्त शेवटच्या स्टॉपवर उतरत नाही. आणि तेवढ्यानं जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. हे ऐकून घरच्या घरी निदान करू नका. पण डॉक्टरांना काय विचारायचं, ते यातून नक्की कळेल.

शस्त्र कोणतं?

आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी अशा असतात की त्यांचं कामच मारायचं. एक किलर टी-पेशी, दुसऱ्या एनके पेशी. एखाद्या पेशीत विषाणू शिरला, तर या तिला येऊन चिकटतात आणि तिला संपवतात. दारूगोळा मुख्यतः दोन प्रकारचा. पहिलं पर्फोरिन, हे समोरच्या पेशीच्या आवरणाला छिद्र पाडतं. दुसरी ग्रँझाइम, ही त्या छिद्रातून फायदा घेऊन आत जातात आणि पेशीला स्वतःहून मरायला लावतात. पेशी फुटून घाण पसरत नाही, व्यवस्थित मोडीत निघते.

आता विचार करा, छिद्र पाडणारी वस्तू स्वतःच्या घरात ठेवायची कशी? पेशी ती एका छोट्या पिशवीत ठेवते. या पिशवीला ग्रॅन्यूल म्हणतात. पिशवीत आंबटपणा असतो, म्हणजे आम्ल. पर्फोरिनला काम करायला कॅल्शियम पकडावं लागतं, आणि आंबट पाण्यात ते त्याला नीट पकडता येत नाही. त्यामुळं पिशवीत ते झोपलेलं राहतं. बाहेर पडलं, आम्ल गेलं, कॅल्शियम भेटलं, की जागं होतं. म्हणजे पिशवी नुसती सामान नेत नाही, पेशीचा स्वतःपासून बचावही करते.

मग हे सामान पिशवीत जातं कसं, आणि पिशवी दारापर्यंत येते कशी? एकेक टप्पा बघू.

टप्पा पहिला: कोणतं प्रथिन कुठल्या दारानं?

प्रथिनं बनवायचं काम रायबोसोम करतात. हजारो प्रकारची प्रथिनं बनत असतात. काही पेशीतच राहणारी, काही बाहेर जाणारी, काही पिशव्यांत जाणारी. बाहेर किंवा पिशवीत जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच एक छोटा तुकडा असतो. हा तुकडा म्हणजे पत्ता. पर्फोरिनची साखळी ५५५ अमिनो आम्लांची आहे, त्यातली पहिली २१ म्हणजे हा पत्त्याचा तुकडा. तो वाचून पेशी त्या प्रथिनाला एका जाळीदार कारखान्यात ओढून घेते. याला ईआर म्हणतात. आत घेतल्यावर पत्त्याचा तुकडा कापून टाकला जातो, त्याचं काम झालं.

प्रथिन स्वतःच स्वतःचा पत्ता घेऊन जन्माला येतं, हे ग्युंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञानं दाखवलं. १९९९ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मेसेजच्या वरच हेडर लिहिलेला असतो, कुठं जायचं ते विचारायला मध्यवर्ती साहेब लागत नाही.

टप्पा दुसरा: गॉल्गी, आणि मुंबईची एक गोष्ट

ईआरमधून निघालेलं प्रथिन गॉल्गी नावाच्या भागात येतं. हे पेशीचं मोठं स्टँड समजा. इथं सामानाची तपासणी होते, त्यावर साखरेचे छोटे तुकडे चिकटवले जातात, आणि कोणत्या फलाटावर जायचं ते ठरतं.

साखरेचा तुकडा म्हटलं की किरकोळ वाटतं. म्हणून थोडं मुंबईला जाऊन येऊ. १९५२ साली मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच हा जगप्रसिद्ध बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत या माणसांचं रक्त ओ गटाचं दिसतं, पण त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. कारण ओ गटाच्या तांबड्या पेशींवर एच नावाची खूण असते, आणि यांच्याकडं तीच नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा, असं सांगितलं जातं.

एच ही खूण म्हणजे काय? फ्युकोज नावाच्या साखरेचा एक तुकडा, गॉल्गीत बसवलेला. बॉम्बे गटाच्या माणसांत हा तुकडा बसवणारा कारागीर, म्हणजे एन्झाइम, काम करत नाही. बाकी ही माणसं ठणठणीत असतात. त्यांना अडचण येते ती रक्त घ्यायची वेळ आली तरच.

आता पुढचं ऐका. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. या मुलांना वारंवार जंतुसंसर्ग व्हायचा. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेत पू होत नाही. पू म्हणजे जखमेवर गोळा झालेल्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तातच फिरत राहायच्या, जखमेकडं उतरायच्याच नाहीत. आणि या मुलांचा रक्तगट? बॉम्बे!

इथं कारागीर जागेवर होता, पण कच्चा माल येत नव्हता. फ्युकोज गॉल्गीच्या आत नेणारं एक वाहक प्रथिन असतं, तेच बिघडलेलं. २००१ मध्ये त्याचं जनुक सापडलं. फ्युकोज आत गेलं नाही म्हणून एच खूण नाही, आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरायला जी खूण लागते, तीही नाही. या आजाराला लॅड-टू म्हणतात. यातल्या काही मुलांना तोंडानं फ्युकोज दिल्यावर फरक पडला. विचार करा, आजारावर औषध म्हणून एक साखर!

खूण नसणं दोन्हीकडं सारखंच दिसतं. पण एकीकडं कारागीर नाही, दुसरीकडं माल पोचत नाही. बाहेरून तेच दिसतं, आतलं कारण वेगळं, आणि म्हणून उपायही वेगळा. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

टप्पा तिसरा: चिठ्ठी

आपण परत किलर पेशीकडं येऊ. गॉल्गीत ग्रँझाइमवर एक खास चिठ्ठी लावतात. तिचं नाव मॅनोज-६-फॉस्फेट. नाव लांब आहे, काम सोपं: "हे सामान आंबट पिशवीत टाका." गॉल्गीत ही चिठ्ठी वाचणारं एक प्रथिन बसलेलं असतं, ते चिठ्ठीवालं सामान उचलतं आणि पिशवीच्या वाटेला लावतं. चिठ्ठी नसेल तर माल चुकीच्या वाटेनं पेशीबाहेर सांडत राहतो. शत्रू समोर नसताना दारूगोळा रस्त्यावर पडावा, तसं.

टप्पा चौथा: रस्ता आणि बैल

पिशवी भरली. आता ती न्यायची. पेशी आपल्याला छोटी वाटते, पण पिशवीच्या मानानं ती मोठं शिवार आहे. पेशीत सूक्ष्मनलिका नावाचे रस्ते असतात, आणि त्या रस्त्यांवर अक्षरशः पाऊल टाकत चालणारी प्रथिनं असतात. यांना मोटर प्रथिनं म्हणतात. कायनेसिन बहुतेक वेळा पेशीच्या कडेकडं चालतं, त्याचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. डायनीन उलट्या दिशेनं, पेशीच्या मध्याकडं चालतं.

या विषयावर जगात नाव असलेलं काम मुंबईत झालंय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रूप मलिक यांच्या गटानं लेझर किरणांच्या चिमट्यात पेशीतल्या पिशव्या धरल्या आणि मोटर प्रथिनं किती जोर लावतात ते मोजलं. या कामासाठी मलिक यांना २०१४ चा भटनागर पुरस्कार आणि २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून जे दिसलं, ते शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल. कायनेसिन एकटं दांडगं आहे. डायनीन एकटं अशक्त आहे, पण ते जोडी करून, जथा करून ओढतं. एकाच पिशवीला दोन्ही जुंपलेले असतात, आणि त्यांच्यात चक्क रस्सीखेच चालते. एका बाजूला एक दांडगा बैल, दुसऱ्या बाजूला मिळून ओढणारे पाच-सात लहान बैल. त्यांनी अभ्यासलेल्या पिशव्या वेगळ्या होत्या. जंतू गिळलेल्या पिशव्यासुद्धा त्यात येतात, आणि त्या पचवायच्या जागी न्यायचं काम डायनीनच करतं. गोण्या वेगळ्या, बैल तेच.

किलर पेशीची युक्ती तर अजून भारी आहे. सगळे रस्ते ज्या चौकात मिळतात, त्या चौकाला सेंट्रोसोम म्हणतात. शत्रूपेशी चिकटली की किलर पेशी आपला चौकच सरकवून शत्रूच्या बाजूला, अगदी आवरणाला भिडवते. डायनीन पिशव्या चौकाकडं ओढतं, म्हणजे आपोआप शत्रूच्या दारात. गाडी वळवण्याऐवजी स्टँडच उचलून गावाजवळ नेल्यासारखं.

टप्पा पाचवा: शेवटची दोन पावलं

पिशवी दारात आली. आता ती आवरणाला टेकायला पाहिजे, घट्ट बसायला पाहिजे आणि आवरणात विरघळून उघडायला पाहिजे. इथं तीन-चार प्रथिनं लागतात. रॅब२७ए पिशवीला आवरणाशी टेकवतं. मंक१३-४ तिला उघडण्याच्या तयारीत आणतं. सिंटॅक्सिन-११ आणि त्याचे सोबती पिशवी आणि आवरण एकमेकांत अडकवून जवळ ओढतात, शर्टाचं बटण काजात बसावं तसं. या बटण-काजाच्या यंत्रणेचं आणि एकूण पिशव्यांच्या वाहतुकीचं कोडं उलगडलं म्हणून २०१३ चं नोबेल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडहोफ या तिघांना मिळालं. शेकमननं हे काम सुरू केलं ते साध्या यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीवर. पावाची बुरशी आणि आपली रोगप्रतिकारशक्ती, दोन्हीकडं यंत्रणेचा सांगाडा एकच.

आता मुद्द्याचं. या शेवटच्या टप्प्यावर एखादं प्रथिन जन्मतः बिघडलेलं असेल तर?

किलर पेशी शत्रूला चिकटते. पिशवीत शस्त्र भरलेलं. चौक सरकतो, पिशव्या दारात येतात, आणि तिथंच अडकतात. शत्रूपेशी मरत नाही. मग किलर पेशी अजून जोरात हाका मारते, "मदत पाठवा!" या हाका म्हणजे इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं. ती ऐकून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी चवताळतात. शत्रू मरत नाही म्हणून हाका थांबत नाहीत, हाका थांबत नाहीत म्हणून भक्षक थांबत नाहीत. शेवटी ते स्वतःच्याच रक्तपेशी गिळायला लागतात. ताप उतरत नाही, पानथरी म्हणजे प्लीहा सुजते, रक्तपेशी घसरतात, फेरिटिन आभाळाला भिडतं. याला एचएलएच म्हणतात. जन्मजात एचएलएचवर उपचार झाले नाहीत, तर लेकरू बहुतेक वेळा काही महिन्यांतच जातं.

गंमत नाही, पण विचित्र गोष्ट बघा. हा आजार रोगप्रतिकारशक्ती कमी असल्याचा, पण दिसतो ती जास्त झाल्यासारखा. कारण मारणारी पेशीच आग विझवणारीही असते. काम पूर्ण झालं तरच ती गप्प बसते.

केसांवरची खूण

या आजारांतला एक प्रकार असा आहे की त्याची खूण डोक्यावर दिसते. १९७८ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद ग्रिसेली आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांची नोंद केली, ज्यांचे केस जन्मापासून चंदेरी-राखाडी होते आणि ज्यांना वारंवार संसर्ग व्हायचा. २००० साली कळलं की यातल्या दुसऱ्या प्रकारात बिघडलेलं जनुक आहे रॅब२७ए. तेच, पिशवी टेकवणारं.

केसांचा काय संबंध? तर केसांचा काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, हाही पिशव्यांत भरून पेशीच्या कडेला न्यावा लागतो आणि तिथून केसाला द्यावा लागतो. तिथंही हेच रॅब२७ए कामाला असतं. रंग तयार होतो, पिशवीत भरतो, पण कडेला पोचत नाही. म्हणून केस चंदेरी. डोक्यावर जे दिसतंय, तेच रक्तात न दिसता चाललेलं असतं.

इथं नीट ऐका. लेकराचे केस भुरे, तांबूस, विरळ असतील, तर त्याला कुपोषणापासून उन्हापर्यंत कितीतरी कारणं असतात. कातडी, डोळे, केस सगळंच फिकट असणारा कोडाव्यतिरिक्तचा जन्मजात प्रकारही वेगळा. आपण बोलतोय ते जन्मापासून चांदीसारखी झाक असलेल्या केसांबद्दल, आणि सोबत न उतरणारा ताप, पोटात वाढलेली पानथरी, घसरलेल्या रक्तपेशी. हे एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना एवढंच विचारायचं: "डॉक्टर, केस सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतील का?" या आजारात केसात रंगाचे मोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, आणि तो जिल्ह्याच्या गावी असतोच.

उलटंही खरं आहे. मंक१३-४ किंवा सिंटॅक्सिन-११ बिघडलं तर केस काळेभोरच असतात, आणि आजार तोच होतो. म्हणून केस काळे आहेत एवढ्यावरून निश्चिंत व्हायचं नाही. शिवाय एचएलएच दरवेळी जन्मजात नसतो. डेंग्यू, स्क्रब टायफस, काळा आजार यांच्यासारख्या संसर्गानंतरही तो होतो, आणि तिथं मूळ संसर्गावर वेळेत उपचार झाले तर खूप फरक पडतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या आठ निकषांत फेरिटिन ५०० च्या वर असणं हा एक निकष आहे, आठपैकी पाच जुळले तर डॉक्टर एचएलएच धरतात. फेरिटिन ही काही परदेशात पाठवायची तपासणी नाही.

परळी नाही, परळ

नेमकं काय बिघडलंय हे कळायला मात्र मोठ्या प्रयोगशाळेत जावं लागतं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. एनआयआयएच म्हणतात तिला. (परभणीकरांनो, आपली परळी नाही, मुंबईचं परळ!) १९५७ मध्ये ही संस्था रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. बॉम्बे गटाच्या त्या १९५२ च्या शोधनिबंधात एच. एम. भाटिया हेही एक लेखक होते, आणि पुढं ते या संस्थेचे संचालक झाले. आज तिथं जन्मजात रोगप्रतिकारदोषांच्या तपासण्या होतात. पर्फोरिनच्या जनुकात भारतीय रुग्णांमध्ये कोणकोणते बदल सापडतात, यावर तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये निबंधही प्रसिद्ध केलाय.

तपासणीची कल्पना मला फार आवडते, कारण आम्ही सॉफ्टवेअरमधला बिघाड असाच शोधतो. दोन प्रश्न, दोन तपासण्या.

पहिला प्रश्न: डब्यात भाकरी आहे का? पेशीच्या आतलं पर्फोरिन चमकणाऱ्या रंगानं रंगवायचं आणि मोजायचं. नसेल, तर शस्त्रच बनत नाही. हा एचएलएचचा एक प्रकार, त्याचं कारण १९९९ मध्ये कळलं.

दुसरा प्रश्न: डबा उतरला का? इथं युक्ती आहे. पिशवीच्या आतल्या अस्तरावर सीडी१०७ए नावाचं प्रथिन असतं. पिशवी आवरणात विरघळून उघडली, की आतलं अस्तर बाहेर येतं, पिशवी उलटी केल्यावर येतं तसं. म्हणजे पेशीच्या बाहेर सीडी१०७ए दिसलं तर डिलिव्हरी झाली. ही झाली पोच. किलर पेशींना प्रयोगशाळेत शत्रू दाखवायचा आणि पोच येते का बघायची. पर्फोरिन आत आहे, पण पोच नाही, तर बिघाड शेवटच्या टप्प्यात. मग रॅब२७ए, मंक१३-४, सिंटॅक्सिन-११ यांची जनुकं तपासायची.

अडचण एकच. पोचेची तपासणी जिवंत पेशींवर होते. रक्त ताजं लागतं, साधारण दिवसभराच्या आत पोचलेलं. म्हणजे परभणीच्या लेकराचा नमुना रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाला पाहिजे, आणि सकाळी तिथं कुणीतरी तो घ्यायला तयार पाहिजे. शनिवारी पाठवला आणि रविवारी दार बंद असलं, तर पेशी मेल्या, तपासणी फुकट. म्हणून आधी डॉक्टरांमार्फत तिथं बोलून दिवस, नळी, वेळ सगळं ठरवून घ्यायचं. पेशीच्या आतल्या डिलिव्हरीचं निदान बाहेरच्या डिलिव्हरीवर अडतं, असा हा मामला.

दोष कुणाचा?

आता जे बोलायला अवघड, पण बोलायलाच पाहिजे असं. हे आजार बहुतेक अप्रभावी वारशाचे असतात. म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक आईकडून येते, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी माणूस ठणठणीत राहतो, त्याला कधी कळतही नाही. दोन्ही बिघडलेल्या प्रती लेकराला मिळाल्या तरच आजार होतो. आई-बाप दोघंही असे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के. पहिलं लेकरू आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. दरवेळी नव्यानं २५ टक्के.

आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न करायची रीत आहे. मराठवाड्यात तर ती अजून चालते. नात्यात लग्न झालं की दोघांकडं एकाच आजोबा-आजीकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेर लग्न केलेल्यांनाही हे आजार होतात, पण नात्यात धोका जास्त, हे खरं आहे.

आणि तरी घराघरांत एकच ऐकू येतं: "सुनेचंच काहीतरी." नाही. एक प्रत तिची, एक प्रत नवऱ्याची, वाटा अगदी निम्मा-निम्मा. यात पाप नाही, नजर नाही, ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं असंही नाही. एका जनुकातली अक्षरं बदललीत, बस. एखादं लेकरू तापानं गेलं, मग दुसरंही तसंच गेलं, अशी घरं गावोगाव असतात, आणि त्या बाईला उभा जन्म बोलणी खावी लागतात. आपण हा विषय समजून घ्यायचा तो एवढ्यासाठी की पुढच्या वेळी आपल्या ओट्यावर कुणी असं बोललं, तर आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे.

दोष कुठल्या जनुकात आहे ते कळलं, तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते. आजारी लेकरावर आधी औषधांनी वादळ शांत करतात. कायमचा उपाय म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण, म्हणजे ज्यांची शेवटची पायरी शाबूत आहे अशा पेशी दुसऱ्याकडून घेणं. दाता बहुतेक वेळा आधी घरातच शोधतात. केस मात्र चंदेरीच राहतात, कारण रंगाच्या पेशी मॅरोतून येत नाहीत. खर्च मोठा असतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात केईएम हे एक उत्कृष्टता केंद्र आहे, आणि या धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपलं लेकरू त्यात बसतं का, ते तिथंच अर्ज करून विचारायचं. नुसत्या ऐकीव माहितीवर शेत विकायला काढायचं नाही.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण छाती काढून म्हणतो. म्हणूच. पण परभणीतून निघालेली रक्ताची एक नळी ठरल्या वेळेत परळला पोचली, आणि तिचा रिपोर्ट परत लेकराच्या डॉक्टरांच्या हातात पडला, तर ते म्हणायला अजून जोर येईल.

शेवटी तीन गोष्टी लक्षात ठेवा. लहान लेकराचा ताप आठवडाभर उतरत नसेल आणि रक्तपेशी घसरत असतील, तर डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. जन्मापासून केसांवर चांदीची झाक असेल, तर केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. आणि एखाद्या घरात लेकरं अशीच गेली असतील, तर सुनेकडं बोट दाखवण्याआधी दोघांनाही जनुकीय सल्ल्याला पाठवा.

हा भाग आपल्या गावच्या आशाताईंना नक्की पाठवा. घरोघरी जाणाऱ्या त्याच असतात, लेकराचं डोकं सगळ्यात आधी त्याच बघतात. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!